नंबर लागेल का? निवडक लिबरल आर्ट्स कॉलेजांचा अंदाज आपला आपण कसा बांधायचा

हा आपल्या या भागाचा लेखी मजकूर. ज्यांचा डेटा संध्याकाळपर्यंत संपतो, किंवा ज्यांना आकडे ऐकण्यापेक्षा वाचायला बरे पडतात, त्यांच्यासाठी. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, मधलं अडखळणं तेवढं काढलंय.

आजचा प्रश्न विवळवेढ्याहून आलाय. हो, आपलं महालक्ष्मीचं विवळवेढे, महामार्गावरचं. तिथल्या एका पाड्यावरच्या मुलीने व्हॉइस मेसेज पाठवलाय. ती बारावीत आहे, आर्ट्सला. दहावीला ८६ टक्के. ती म्हणते, "ताई, मला लिबरल आर्ट्स कॉलेजला जायचंय. इंडियातलं किंवा अमेरिकेतलं, कुठलंही. माझे चान्स किती टक्के? घरचे म्हणतात उगाच वर्ष वाया घालवू नको. भाऊ बोईसरला कंपनीत जातो, त्याच्या पगारावर घर आहे. मला त्यांना काहीतरी खरं सांगायचंय."

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. तिला शाबासकी नकोय, तिला अंदाज हवाय. तर आज मी "तू करू शकतेस" वगैरे काही बोलणार नाही. अंदाज कसा बांधतात तेवढंच बघू. फोनवर करता येतो, आणि त्यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

आधी, हे कॉलेज म्हणजे काय?

थोडक्यात सांगते. पहिल्या दिवशी "मी बीए इतिहास" किंवा "मी बीएस्सी" असा शिक्का बसत नाही. पहिलं दीड-दोन वर्षं गणित, इतिहास, जीवशास्त्र, चित्रकला असं मिसळून शिकायचं, मग मुख्य विषय निवडायचा. वर्ग लहान, वाचन भरपूर, लिहायचं त्याहून जास्त.

आपल्याकडे अशी ठिकाणं गेल्या वीस वर्षांतली. पुण्यात फ्लेम आहे, सिम्बायोसिसचं लिबरल आर्ट्स कॉलेज आहे, ते २०११ चं. हरियाणात सोनीपतला अशोका विद्यापीठ, २०१४ पासून. बंगळूरला अझीम प्रेमजी विद्यापीठ, तिथे पदवीचे वर्ग २०१५ ला सुरू झाले. आंध्रात श्री सिटीला क्रिया. अमेरिकेत हा प्रकार जुना. अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना, बोडन ही नावं तुम्ही ऐकली असतील. एकेका कॉलेजात सगळी चार वर्षं मिळून दीड ते सव्वादोन हजार मुलं. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या ज्युनिअर कॉलेजएवढीच.

आपलं कटऑफचं गणित तिथे का चालत नाही

आपल्याला सवय कशाची? अकरावीची यादी लागते, सीईटीचा पर्सेंटाइल येतो, कटऑफ ८१ आणि मला ८२, लागला नंबर. एक मार्क कमी, गेला नंबर. यादी भिंतीवर लागते, वाद संपतो.

निवडक लिबरल आर्ट्स कॉलेजात अशी भिंत नसते. तिथे अर्ज दोनदा वाचला जातो असं समजा. पहिल्या वाचनात प्रश्न एवढाच असतो, की ही मुलगी इथला अभ्यास झेपवेल का? दुसऱ्या वाचनात, जे झेपवतील त्यांच्यातून कोणाला घ्यायचं? पहिल्या प्रश्नाला "हो" असलेली मुलं जागांच्या कितीतरी पट असतात. म्हणून ९५ टक्केवाला राहतो आणि ८६ वाली जाते, असं घडतं. उलटंही घडतं, आणि जास्त वेळा घडतं. तेव्हा "८६ ला किती चान्स" या प्रश्नाला उत्तरच नाही. कोणी ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर "तुमचे चान्स ६३ टक्के" असं दाखवत असेल, तर तो आकडा त्या वेबसाइटच्या मनातला आहे.

शंभरात आठ म्हणजे नेमके किती?

वर सांगितलेली अमेरिकी कॉलेजं अलीकडच्या वर्षांत साधारण शंभर अर्जांमागे सात ते दहा जणांना घेतात. हा झाला स्वीकृती दर. आता तीन गोष्टी नीट समजून घ्या.

एक. हा दर सगळ्यांची सरासरी आहे, तुमचा दर नाही. समजा एका कॉलेजला १०,००० अर्ज आले आणि ९०० जणांना घेतलं. दर ९ टक्के. आता त्यात ३,००० अर्ज परदेशी मुलांचे होते आणि त्यातल्या १०० जणांना घेतलं. मग परदेशी मुलांचा दर जेमतेम तीन टक्के. उरलेल्या ७,००० मध्ये ८०० जण, म्हणजे अकराच्या वर. कॉलेज एकच, पण तुमचा नऊ टक्क्यांशी संबंध नाही, तुमचा तिनाशी आहे.

दोन. "लवकर अर्ज करा, दर दुप्पट होतो" असं सांगतात. अर्ली डिसिजन नावाचा प्रकार आहे, अर्ज नोव्हेंबरमध्ये, आणि घेतलं तर तिथेच जायचं असं वचन द्यायचं. त्या फेरीचा दर खरंच जास्त दिसतो. पण कॉलेजच्या संघासाठी आधीच हेरलेले खेळाडू याच फेरीत येतात आणि त्यांची निवड बरीचशी ठरलेली असते. ते वजा केले की फरक कमी होतो. पुरती मदत मिळाली नाही तर त्या वचनातून सुटता येतं, तरी ही फेरी एकाच कॉलेजसाठी वापरता येते, म्हणून विचार करून वापरा.

तीन. दहा कॉलेजांना अर्ज केला, प्रत्येकी आठ टक्के, म्हणजे ऐंशी टक्के? नाही हो. जरी दहाही कॉलेजं चिठ्ठ्या टाकून निवडत असती, तरी किमान एका ठिकाणी लागायची शक्यता ५७ टक्क्यांच्या आसपास भरते. आणि ती चिठ्ठ्या टाकत नाहीत. तोच निबंध, तीच शिफारसपत्रं, तेच मार्क दहाही ठिकाणी वाचले जातात. एका ठिकाणी जे कच्चं वाटलं ते दुसऱ्या ठिकाणीही कच्चंच वाटणार. दहा अर्ज म्हणजे दहा तिकिटं नव्हेत.

खरा आकडा कुठे सापडतो

आता कामाची गोष्ट. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं दरवर्षी एक ठरावीक फॉर्म भरून आपल्या वेबसाइटवर टाकतात. नाव, कॉमन डेटा सेट. गूगलमध्ये इंग्रजीत कॉलेजचं नाव आणि पुढे हे तीन शब्द टाका, पीडीएफ मिळेल. चाळीसेक पानं असतात, घाबरू नका, आपल्याला चारच जागा बघायच्या आहेत.

सी-१: किती अर्ज आले, किती घेतले, किती आले. नव्या फॉर्ममध्ये परदेशी विद्यार्थ्यांचा वेगळा हिशेबही असतो. आधी तो शोधा.

सी-७: कॉलेज कशाला किती वजन देतं त्याचा तक्ता. मार्क, निबंध, शिफारस, मुलाखत, स्वभाव, काम. प्रत्येकापुढे "फार महत्त्वाचं" पासून "विचारात नाही" पर्यंत एक खूण. मुलाखतीपुढे "विचारात नाही" असेल तर तिची काळजी सोडा.

सी-९: सॅटचे गुण. इथे एक मेख आहे. अनेक ठिकाणी सॅट ऐच्छिक आहे. बोडनने तर ती सक्ती १९६९ मध्येच काढली. ऐच्छिक असली की चांगले गुण असलेलीच मुलं ते पाठवतात, म्हणून तिथला आकडा फुगलेला दिसतो. तो बघून खचू नका.

एच-६: परदेशी मुलांना मदत. किती जणांना मिळाली आणि सरासरी किती. आपल्यासाठी अख्ख्या फॉर्ममधली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. समजा एक कॉलेज ४० परदेशी मुलांना सरासरी ७५ हजार डॉलर देतं, आणि दुसरं २०० मुलांना सरासरी २० हजार. दुसरं दिलदार वाटतं ना? पण वर्षाचा खर्च ८० हजारांच्या वर असेल तर उरलेले ६० हजार डॉलर कोण भरणार? पाड्यावरच्या घराला पहिलंच कॉलेज उपयोगाचं.

पैसा हा वेगळा मुद्दा नाही, तोच मुद्दा आहे

या कॉलेजांचा वर्षाचा खर्च राहण्या-जेवणासकट ८० हजार डॉलरच्या वर जातो. रुपयांत सत्तर लाखांच्या वर, तेही एका वर्षाचे. म्हणून आपल्या मुलांचा अंदाज दोन भागांत करायचा. प्रवेश मिळेल का, आणि पुरेशी मदत मिळेल का. दोन्ही हो असेल तरच हो.

इथे कॉलेजांच्या दोन जाती आहेत. काही ठिकाणी तुम्ही मदत मागितलीत की नाही हे निवड करताना बघतच नाहीत. परदेशी मुलांसाठीही असं धोरण असलेली लिबरल आर्ट्स कॉलेजं मोजकीच, त्यात अ‍ॅमहर्स्ट आणि बोडन ही दोन. बाकी बहुतेक ठिकाणी परदेशी मुलांच्या बाबतीत गरज बघतात. विल्यम्स, पोमोना, स्वार्थमोर ही घेतलेल्या मुलाची दाखवलेली गरज पूर्ण भागवतात, पण घेताना "हिला किती द्यावे लागतील" हा विचार होतो. म्हणजे पूर्ण मदत मागणाऱ्याचा दर परदेशी मुलांच्या सरासरी दरापेक्षाही कमी असतो. अर्जाच्या वर्षी प्रत्येक कॉलेजच्या पानावर हे धोरण पुन्हा वाचा.

मग मदत न मागताच अर्ज करू आणि नंतर मागू? हे अजिबात करू नका. बहुतेक कॉलेजं परदेशी मुलांना प्रवेशावेळी न मागितलेली मदत पुढे देत नाहीत. हातात पत्र आणि भरायला पैसे नाहीत, याच्याएवढी वाईट अवस्था नाही.

"सरकारी शिष्यवृत्ती मिळेल ना?" असंही विचारतात. केंद्र सरकारची अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, पण ती पदव्युत्तर आणि त्यापुढच्या शिक्षणासाठी. बारावीनंतर लगेच जायचं तर पैसा कॉलेजकडूनच यायला हवा. ही योजना लक्षात मात्र ठेवा. पदवी इथे आणि एमए बाहेर, हा रस्ताही रस्ताच आहे.

तुमचा अर्ज त्यांना कसा दिसतो

आता आपल्या बाजूचं काय भक्कम आहे ते बघू, कारण तेही खोटं सांगायचं नाही.

मार्क तुमच्या शाळेच्या संदर्भात वाचतात. प्राचार्य किंवा एखाद्या सरांनी शाळेची माहिती देणारा फॉर्म भरायचा असतो. वर्गात किती मुलं, कुठले विषय उपलब्ध, किती जण पुढे पदवीला जातात. शाळेत गणित शिकवायला वर्षभर शिक्षक नव्हते, हे त्यात आलं तर ८६ चा अर्थ बदलतो. न आलं तर ते नुसते ८६ राहतात. आपल्या ज्युनिअर कॉलेजांत हा फॉर्म कुणी पाहिलेला नसतो, म्हणून सरांसोबत बसा, त्यांना वेळ द्या.

कामं. अमेरिकी अर्जात दहा उपक्रम लिहायला जागा असते. मुलं तिथे थबकतात. "ताई, आमच्याकडे डिबेट क्लब नाही, रोबोटिक्स नाही." अगं, त्या यादीत कौटुंबिक जबाबदारी आणि पगारी काम हे चक्क वेगळे प्रकार दिलेले आहेत. आवणीला किती दिवस जातेस? चिकूच्या वाडीत तोडणीला? चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस आपली जत्रा, तेव्हा दुकानावर हिशेब कोण ठेवतं? धाकट्या भावंडांचं जेवण आणि अभ्यास कोण बघतं? तिथे आठवड्याला किती तास आणि वर्षातले किती आठवडे हे विचारतात. खरे आकडे लिहा. दीडशे अक्षरांत काय केलं ते लिहा. "घरकामात मदत" असं मोघम नको. "रोज पहाटे पाणी भरणे, चौघांचा स्वयंपाक, बहिणीला तिसरीचं गणित" असं लिहा.

निबंध, जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. इथे आपली मुलं दोन टोकांना जातात. एक तर सगळी गरिबी ओतायची, नाहीतर पर्यटकाला सांगावं तसं तारपा आणि चौक यांचं वर्णन करायचं. वाचणाऱ्याला तुमच्या समाजाची माहितीपत्रिका नकोय, तुम्ही विचार कसा करता ते हवंय. घरात लग्नाचा चौक लिहिताना तुम्हाला एखादा प्रश्न पडला असेल आणि तुम्ही तो कुणाला विचारत गेला असाल, तर तो निबंध. नुसतं "आमची कला जगप्रसिद्ध आहे" हा निबंध नव्हे.

आणि कच्ची बाजू. इंग्रजी. वर्गातलं वाचन आठवड्याला दोन-तीनशे पानांवर जाऊ शकतं. म्हणून ते इंग्रजीची परीक्षा मागतात, आणि तिथे संदर्भाची सूट फारशी चालत नाही. स्वतःला तपासायचं असेल तर एक इंग्रजी लेख घ्या, पाच-सहा पानांचा. तासाभरात वाचून, न बघता, त्यात लेखकाचं म्हणणं काय आणि तुम्हाला काय पटलं नाही, हे इंग्रजीत एक पान लिहा. जमलं तर पहिल्या वाचनात तुम्ही टिकाल. अर्धवट जमलं तर वर्षभराचं काम आहे. अजिबात नाही जमलं, तर यंदाचा अंदाज कमी धरा. पुढच्या वर्षीचा वेगळा असू शकतो.

इथल्या कॉलेजांचं काय?

आपल्या देशातल्या ठिकाणी कॉमन डेटा सेटसारखा एकसारखा फॉर्म भरायची पद्धत नाही. पण रस्ता जास्त उघडा आहे. अझीम प्रेमजीत त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असते, आणि घरच्या उत्पन्नाप्रमाणे फी, राहणं, जेवण यांत सवलत मिळते, पार पूर्ण माफीपर्यंत. अशोकात अर्ज, परीक्षा, तिथल्या तिथे लिहायचा निबंध, मुलाखत असे टप्पे असतात, आणि गरजेप्रमाणे आर्थिक मदत असते. इथे अंदाज बांधायचा तर प्रवेश कार्यालयाला ईमेल करा आणि तीन प्रश्न सरळ विचारा. मागच्या वर्षी अर्ज किती आणि जागा किती? माझ्या घराएवढं उत्पन्न असलेल्यांना एकूण खर्चातला किती भाग मिळाला, वसतिगृह धरून? राज्य मंडळातून मराठी माध्यमाची किती मुलं आली? आणि तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलाशी बोला. माहितीपत्रक जे सांगत नाही ते तो सांगेल.

जातीच्या दाखल्याबद्दल. अमेरिकेत त्याची राखीव जागा नाही. केंद्रीय विद्यापीठांत मात्र अनुसूचित जमातीला ७.५ टक्के जागा आहेत आणि २०२२ पासून प्रवेश सीयूईटीने होतात. तिथेही विषय मिसळून शिकायची चार वर्षांची पदवी आता मिळते. ज्यांना निवडक कॉलेजाची हौस नावासाठी नसून शिक्षणासाठी आहे, त्यांनी हे बाजूला टाकू नये.

दहावी-अकरावीत असाल तर आणखी एक दार आहे. मुळशीजवळ पौडला यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज आहे, १९९७ पासून. दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम, गरजेप्रमाणे शिष्यवृत्ती. तिथून बाहेर पडणाऱ्यांना अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत डेव्हिस नावाच्या योजनेतून मदत मिळते. बारावी झाली की हे दार बंद होतं, म्हणून धाकट्या बहिणीला आत्ताच सांगा.

तीन ढीग करा

कागद घ्या, तीन ढीग करा.

पहिला, अवघड. प्रवेश आणि पैसा दोन्ही अनिश्चित. पूर्ण मदत मागणाऱ्या मुलीसाठी वरची सगळी अमेरिकी कॉलेजं याच ढिगात. मार्क ९८ असले तरी याच ढिगात.

दुसरा, बरोबरीचा. परीक्षेची तयारी केली तर जमण्यासारखं, आणि मदतीचा नियम लिखित आहे. अझीम प्रेमजी, अशोका, सीयूईटीची विद्यापीठं.

तिसरा, हक्काचा. प्रवेश नक्की आणि खर्च नक्की. डहाणू, पालघर किंवा मुंबईतलं कॉलेज, आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह, ते नाही मिळालं तर स्वयम योजना, महाडीबीटीवरची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. हा ढीग रिकामा ठेवून पहिल्या ढिगाकडे बघायचं नाही.

तर विवळवेढ्याच्या बाईसाहेब, घरच्यांना काय सांगायचं? माझं मत स्पष्ट सांगते. अमेरिकेचा दर तुझ्यासाठी शंभरात दोन-तीन धर, म्हणजे अर्ज करायचा तर अर्जाची फी माफ करून घेऊन, चार-पाच ठिकाणी, आणि त्यावर वर्ष टांगायचं नाही. दुसऱ्या ढिगात तुझी खरी लढत आहे. तिथे इंग्रजी वाचन सुधारलं तर मी तुला निम्म्याच्या वर धरेन. हा माझा अंदाज आहे, हमी नाही. तिसऱ्या ढिगाचा फॉर्म सगळ्यात आधी भर. यात तुझं वर्ष कुठेच वाया जात नाही, आणि भावाला हे कागदावर दाखवता येतं.

या आठवड्याचं काम

सेतूत जाऊन तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाका, कुठल्याही ढिगासाठी तो लागणारच. ज्या सरांना तुम्ही वर्गाबाहेरही ओळखता त्यांना शिफारसपत्रासाठी आत्ताच विचारा. दोन कॉलेजांचे कॉमन डेटा सेट उतरवून सी-१ आणि एच-६ चे आकडे वहीत लिहा. आणि "गॅरंटी ॲडमिशन, फक्त इतके लाख" असं म्हणणारा कोणी भेटला तर त्याला एकच विचारा, लेखी देता का?

आकडे वहीत उतरवले की त्या पानाचा फोटो पाठवा. पुढच्या भागात आपण तुमच्यापैकी तिघांची पानं घेऊन, नावं न सांगता, ढीग लावून बघणार आहोत. तोवर रामराम.